पावसाळ्यात उतरवलेली ॲक्शन उन्हाळ्यात का झणझणते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या जुलैत पुण्यात सॉलिड टॉपची अकूस्टिक गिटार घेतली. तारा फार वर होत्या, एफ कॉर्ड धरताना बोटं भरून यायची. ऑगस्टमध्ये एका दुकानात सॅडल (बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून ॲक्शन, म्हणजे तारांची दांडीपासूनची उंची, खाली आणून घेतली आणि दिवाळी उलटून गेली तरी गिटार मस्त वाजत होती. मग नोकरीसाठी अकोल्याला आलात. आता मे महिन्यात जाड तिन्ही तारा जवळजवळ सगळीकडे झणझणतायत. एकाने सांगितलं, नेक (दांडी) गेली, नवीन घ्या. दुसरा म्हणतो, १,५०० रुपयांत पूर्ण सेटअप करून देतो. सेटअपमध्ये नेमकं काय करतात, तो नीट झाला हे कसं ओळखायचं आणि १८ हजारांच्या गिटारवर एवढा खर्च करावा का, हे तुम्हाला हवं आहे.

गिटार दुरुस्ती हाच माझा धंदा असल्यामुळे उत्तर लांबणार आहे. वाद्य हातात न घेता छातीठोक काही सांगता येत नाही, पण तुम्ही दिलेल्या तारखाच बरंच काही सांगून जातात. सॅडल घासला ऑगस्टमध्ये, पुण्यात. झणझण सुरू झाली मेमध्ये, अकोल्यात. नेक गेली असण्यापेक्षा गिटार सुकली असण्याची शक्यता मला कितीतरी जास्त वाटते. त्यात सॅडल अशा दिवसांत घासला गेला जेव्हा गिटार फुगलेली होती. म्हणजे तेव्हा जी उंची ‘जास्त’ वाटत होती, तिच्यातली काही उंची मुळात पावसाची होती. पाऊस गेला, ती उंची गेली; घासलेला सॅडल मात्र तेवढाच राहिला.

हे कसं होतं ते बघा. सॉलिड टॉप म्हणजे स्प्रूसची किंवा सीडरची जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची खरी फळी. आतून ब्रेसिंगच्या पट्ट्या, वरून चिकटवलेला, सॅडल धरून ठेवणारा लाकडी ब्रिज, आणि त्या ब्रिजला १२-५३ चा (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच, सगळ्यात जाड ०.०५३) तारांचा संच ७० किलोच्या वर ओढत असतो. हवेत ओल आली की लाकूड रेषांच्या आडव्या अंगाने फुगतं. कडा चारी बाजूंनी चिकटवलेल्या, त्यामुळे फळीला जायला एकच वाट राहते, वर. तिच्याबरोबर ब्रिज वर, सॅडल वर, तारा वर. हवा कोरडी झाली की हेच सगळं उलट घडतं. टॉप बसतो आणि तारा फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) येऊन टेकतात. नेकसुद्धा हलते, पण कुठल्या बाजूला आणि किती, ते प्रत्येक नेकचं निराळं असतं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन गिटार वेगळ्या वागलेल्या मी पाहतो, त्यामुळे त्याबद्दल मोजल्याशिवाय बोलत नाही.

चांगले कारखाने साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत गिटार बांधतात. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० च्या वर असते. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी ती २० च्या आसपास, कधी त्याहून खाली येते. त्यात तुमच्याकडे घरोघरी कूलर. कूलर चालू असेपर्यंत खोली ओली, बंद केला की दोन तासांत पुन्हा कोरडी ठणठणीत. भिंतीवर टांगलेल्या गिटारसाठी हा रोजचा झोका नुसत्या कोरड्या हवेपेक्षाही वाईट. कूलरच्या झोतासमोर गिटार टांगलेली असेल तर आजच खाली उतरवा आणि केसमध्ये ठेवा. एसीच्या खोलीत असेल तरी केसमध्येच, कारण एसी हवेतलं पाणी काढूनच घेतो.

एक शंका आधीच मिटवतो. टॉप खरंच सॉलिड आहे का हे साउंडहोलच्या (टॉपवरच्या गोल भोकाच्या) कडेवर बोट फिरवून, टॉर्च मारून बघा. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड. कडेला थर दिसले, मध्ये वेगळ्या रंगाची पट्टी दिसली, तर प्लाय. प्लायचा टॉप हवामानाने फारसा हलत नाही, आणि तसं निघालं तर माझ्या वरच्या निदानातली बरीच हवा निघून जाईल. मग संशय आधी नेकवर आणि सॅडलवर घ्यायचा.

आता कारागिराकडे जाण्याआधी घरी तीन गोष्टी तपासा. फ्रेटबोर्डाच्या कडेवरून अंगठा वरून खाली सरकवा. फ्रेटची टोकं कानशीसारखी टोचत असतील तर फ्रेटबोर्ड आक्रसला आहे, फ्रेट तेवढेच राहिले आहेत. दुसरं, स्टीलची सरळ फूटपट्टी ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी, उभ्या धारेवर ठेवा. निरोगी टॉपला हलकासा फुगवटा असतो, पट्टी मध्ये टेकून दोन्ही बाजूंना किंचित डुलते. पट्टी दोन्ही टोकांना टेकली आणि मधून उजेड दिसला तर टॉप बसला आहे. तिसरं, ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून बघा. कागद आत गेला तर ब्रिज सुटायला लागला आहे आणि बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तारा सैल करा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार राहिली असेल तर हे सहज होतं. बंद गाडीतल्या उष्णतेने सरस मऊ पडतो आणि ७० किलोचा ताण त्याची वाटच बघत असतो.

ब्रिज ठीक असेल आणि पहिल्या दोन खुणा दिसल्या, तर गिटार लगेच कारागिराकडे नेऊ नका. आधी तिला पाणी पाजा. प्लास्टिकच्या साबणदाणीला झाकणात भोकं पाडा, आत स्पंज ओला करून, घट्ट पिळून ठेवा. पाण्याचा थेंब गळता कामा नये. ही डबी केसमध्ये हेडस्टॉकच्या (खुंट्यांच्या टोकाच्या) खाली ठेवा, दुसरी छोटी डबी जमली तर तारांमधून साउंडहोलमध्ये सोडा. मऊ बॅगच असेल तर बॅग मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर ओल टिकणार नाही. दोन आठवडे असं ठेवा, स्पंज वाळला की पुन्हा ओला करा. केसमध्ये तीन-चारशे रुपयांत मिळणारा डिजिटल हायग्रोमीटर टाका. हे स्वस्त मीटर सर्रास पाच-दहा टक्के इकडेतिकडे दाखवतात, पण तपासायला सोपे आहेत. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थोडे थेंब टाकून त्याचा ओलसर चिखल करा, मीटरबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के यायला हवेत. मीटर ६८ दाखवत असेल तर पुढे नेहमी सात मिळवून वाचा. आपल्याला केसमध्ये ४५ ते ५५ च्या दरम्यान राहायचं आहे.

बऱ्याच वेळा दोन आठवड्यांत अर्धी झणझण आपोआप जाते. सुकलेल्या गिटारवर सेटअप करणं म्हणजे तापात असलेल्या माणसाच्या अंगाचं माप घेऊन कपडे शिवणं नव्हे तर काय? पण तुमच्या बाबतीत झणझण पूर्ण जाईल असं मला वाटत नाही, कारण सॅडल घासलेला आहे. म्हणून सेटअप लागेलच.

सेटअपला बहुतेक जण ‘ॲक्शन कमी-जास्त करणं’ समजतात. दुकानात जाऊन ‘जरा ॲक्शन खाली करा’ म्हटलं की समोरचा सॅडल काढून पॉलिश पेपरवर घासतो, पाच मिनिटांत काम होतं, दोघंही खूश. पण तारेची उंची चार ठिकाणांहून ठरते: नेकचा बाक, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा, सॅडल, आणि नेक बॉडीला ज्या कोनात जोडली आहे तो कोन. यात फक्त सॅडल घासायला सोपा, म्हणून तोच घासला जातो. दोष नेकमध्ये किंवा नटमध्ये असेल तर सॅडल घासून तो झाकला जातो एवढंच.

मी सुरुवात गिराइकाला वाजवायला लावून करतो. बोटांनी हळू वाजवणाऱ्याची गिटार आणि कीर्तनाच्या टाळाइतक्या जोराने स्ट्रम करणाऱ्याची गिटार, यांची मापं एक असू शकत नाहीत. तारा कुठल्या लावता, ट्यूनिंग खाली उतरवता का, कापो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) वापरता का, हेही विचारतो. कारागिराने यातलं काहीच विचारलं नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा. आणि तुम्ही नेहमी ज्या तारा वापरता त्यांचाच नवा संच बरोबर न्या. १२ च्या तारांवर केलेला सेटअप १० च्या तारा लावल्यावर राहत नाही. ताण कमी झाला की नेक सरळ होते आणि झणझण परत.

पहिलं माप नेकचं. पहिल्या फ्रेटवर कापो लावायचा, नेक बॉडीला मिळते तिथे म्हणजे साधारण चौदाव्या फ्रेटवर जाड ई दाबायची आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेखाली फट बघायची. ही तार म्हणजे आपली ओळंब्याची दोरी. फट ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर हवी, जोरात वाजवणाऱ्यासाठी ०.३ चालते. मोजायला फीलर गेज लागतं, तेच जे बाइकचे मेकॅनिक टॅपेटसाठी वापरतात. ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतं. फट मुळीच नसेल तर नेक सरळ किंवा उलटी वाकलेली आहे आणि खालच्या, म्हणजे नटजवळच्या, फ्रेटवर झणझण होणारच. फट जास्त असेल तर मधल्या भागात तारा उंच वाटतात. दोन्हीचा इलाज ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आत बसवलेली धातूची सळई. ॲलन की घड्याळाच्या दिशेने फिरवली की नेक सरळ होते, उलट फिरवली की तारांचा ताण तिला बाक देतो. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा ट्यून करून माप. ट्रस रॉडने बाक दुरुस्त होतो, ॲक्शनची उंची ठरवण्यासाठी तो नाही. ‘ॲक्शन कमी करायला रॉड आवळला’ असं कोणी म्हणालं तर गिटार उचला आणि निघा.

नेक गेली असं सांगणाऱ्याने यातलं काही मोजलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नेक खरोखर गेली म्हणजे रॉड संपूर्ण फिरवूनही बाक जात नाही, नेक पिळवटली आहे, किंवा बॉडीशी असलेला कोनच खाली आला आहे. शेवटचं तपासायला लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत न्यायची. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याशी आलं तर कोन उत्तम. ते ब्रिजच्या बरंच खाली धडकलं आणि सॅडल आधीच बुडालेला असूनही ॲक्शन उंचच असेल, तर नेक रीसेट (नेक सुटी करून नव्या कोनात बसवणं) लागतो, आणि ते काम तुमच्या गिटारच्या किमतीला परवडत नाही. पण तुमची तक्रार झणझणीची आहे, उंचीची नाही. दहा महिन्यांच्या गिटारची नेक एका उन्हाळ्यात जाणं अशक्य नाही, पण मी पैज लावणार नाही.

नेक जागेवर आली की नट. माझ्या मते सेटअपचा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात मोबदला देणारा भाग हाच. मध्यम किमतीच्या जवळजवळ सगळ्या गिटारवर नटच्या खाचा कारखान्यातून उथळ ठेवलेल्या येतात, कारण उथळ खाच कधी झणझणत नाही आणि परत केलेला माल कोणालाच नको असतो. त्याची किंमत वाजवणारा मोजतो. पुण्यात असताना एफ धरताना जो त्रास होत होता, तो बहुतेक इथला होता, सॅडलचा नव्हता. सॅडल पहिल्या फ्रेटपासून दूर. तिथे एक मिलिमीटर घासला तरी पहिल्या फ्रेटवर फरक नावापुरता पडतो.

तपासायचं असं: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्यात किती जागा उरते बघा. केसाएवढी फट हवी. तारेवर बोटाने टिचकी मारली तर बारीकसा ‘टिक’ ऐकू यावा. व्हिजिटिंग कार्ड आरामात जात असेल तर खाच उंच आहे. उंच खाचेचा आणखी एक त्रास असा की पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे सूर चढे लागतात. उघड्या तारा अचूक जुळवलेल्या असूनही सी किंवा एफ बेसूर वाटतो तो यामुळे, आणि लोक खुंट्यांना दोष देत बसतात.

खाच खोल करायला प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते. करवतीच्या पात्याने किंवा पॉलिश पेपरच्या कडेने ही कामं करणारे आहेत; त्यांच्यापासून दूर राहा. कानस हेडस्टॉकच्या बाजूला उतरती धरायची, म्हणजे तार खाचेच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरून सुटते. दोन-तीन हात, तार परत बसवायची, ट्यून करायची, टिचकी मारून बघायची, पुन्हा दोन हात. शेवटी तर एकेका हाताने. कारण एक हात जास्त झाला की उघडी तार पहिल्या फ्रेटला लागते आणि मग नवीन नट. खाचेचा तळ सपाट राहिला किंवा उलट्या उताराचा झाला तर तार त्यावर घासत राहते आणि उघडी वाजवल्यावर सतारीसारखा झंकार येतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीचा माथा मुद्दाम असा घडवतात की तार त्यावर हलकेच घासावी. तिथे तोच प्राण आहे. गिटारला तार एका धारेवरून स्वच्छ सुटावी लागते. फक्त उघडी तार झणझणते आणि फ्रेट दाबल्यावर थांबते, तर शोध नटमध्ये घ्यायचा, बाकी कुठे नाही.

फ्रेट वर-खाली असतील तर ते नट आणि सॅडलच्या आधी बघावे लागतात. तीन फ्रेटवर छोटी सरळ पट्टी ठेवून डुलते का पाहायचं. एकाच ठिकाणी, एकच सूर झणझणत असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे. तुमची झणझण सगळीकडे आहे, म्हणून हा भाग सोडतो. मात्र फ्रेटची टोचणारी टोकं घासून घेण्याची घाई करू नका. गिटारला ओल मिळाली की त्यातली बरीच आत जातात.

मग शेवटी सॅडल. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं. स्टीलच्या तारांच्या गिटारला जाड ई २.२ ते २.५ मिलिमीटर आणि बारीक ई १.६ ते १.९ ही सर्वसाधारण जागा. बोटांनी वाजवणाऱ्याला २.० सुद्धा चालते. नायलॉनच्या गिटारला हे आकडे लावू नका, तिथे जाड तार ४ मिलिमीटरच्या आसपास असते. बाराव्या फ्रेटवर जेवढा फरक हवा, त्याच्या दुप्पट सॅडलमध्ये करावा लागतो, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर. अर्धा मिलिमीटर खाली हवं तर सॅडल एक मिलिमीटर कमी. ऑगस्टमध्ये तुमच्या सॅडलमधून किती गेला असेल याचा अंदाज यावरून करा.

घासलेला सॅडल परत वाढत नाही, पण निदान करायला एक सोपी युक्ती आहे. तारा सैल करून सॅडल वर ओढून काढा (तो चिकटवलेला नसतो, नसायला हवा), त्याच्या रुंदीची व्हिजिटिंग कार्डची पट्टी कापून खाचेत घाला आणि सॅडल परत बसवा. एका पट्टीने साधारण ०.३ मिलिमीटर उंची मिळते. दोन पट्ट्या घातल्यावर झणझण थांबली तर दोष सिद्ध झाला. हा कायमचा उपाय नाही, कागद आवाज थोडा खातो. गिटारला पिकअप असेल तर ही युक्ती करू नका, कारण सॅडलखाली पिकअपची पट्टी असू शकते आणि ती सगळीकडे सारखी दाबली गेली नाही तर एखादी तार ॲम्प्लिफायरमध्ये हळू येते. त्याच कारणाने नवीन सॅडलचा तळ आरशासारखा सपाट लागतो. मी काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासतो, तळाला पेन्सिलीच्या रेघा मारून. सगळ्या रेघा एकदमच पुसल्या गेल्या तर तळ सपाट.

नवीन सॅडल करून घ्यायचाच आहे तर हाडाचा करून घ्या. पोकळ प्लास्टिकपेक्षा आवाजात फरक पडतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो तुमच्या गिटारच्या मापाने घडवला जातो. बी तारेची टेकण्याची जागा थोडी मागे घेतलेली असावी, म्हणजे वरच्या, बॉडीकडच्या फ्रेटवर सूर चढत नाही. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, हलकाच स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर सारखे यायला हवेत. एक-दोन सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक ऐकू येत नाही. हे तपासताना तारा नव्या हव्यात. जुन्या, गंजलेल्या तारेवर हे इंटोनेशन, म्हणजे दाबलेले सूर बरोबर लागतात का ते, तपासण्यात काही अर्थ नाही.

म्हणजे क्रम असा झाला: आधी ओल, मग नेक, फ्रेट, नट, सॅडल, आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन. कारागिराने सॅडलपासून सुरुवात केली तर त्याला थांबवून नेकची फट किती आहे ते विचारा. भांडायची गरज नाही, आकडा विचारला की समोरचा सावध होतो.

आता तुमच्या घासलेल्या सॅडलबद्दल. तो फेकू नका. सॉलिड टॉप असलेल्या आणि मराठवाडा-विदर्भात राहणाऱ्या वादकांना मी दोन सॅडल ठेवायला सांगतो: एक उन्हाळ्याचा, थोडा उंच, आणि एक पावसाळ्याचा, थोडा बुटका. तुमचा पावसाळ्याचा सॅडल आधीच तयार आहे, दुकानदाराने न सांगता करून दिला. नेक आणि नट नीट झाल्यावर तो किती उरतो ते कारागिराला तपासायला सांगा. ब्रिजच्या वर निदान दोन मिलिमीटर दिसत असेल तर चालवा. त्याहून कमी असेल तर तार सॅडलवरून पुरेशा कोनात वळत नाही, दाब कमी पडतो आणि आवाज मेल्यासारखा होतो. मग दोन्ही सॅडल नवीन करून घ्या. तळाला पेन्सिलीने ‘उ’ आणि ‘पा’ लिहून ठेवा. बदलायला दहा मिनिटं लागतात, कारागिराकडे जावं लागत नाही.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे बारा महिने ओल, त्यामुळे टॉप सहसा फुगलेलाच असतो, आणि केसमध्ये स्पंजऐवजी सिलिका जेलच्या पुड्या लागतात. एकदा त्या हवेत स्थिरावलेल्या गिटारला वर्षातून एक सेटअप पुरतो. अमेरिकेत किंवा कॅनडात असलेल्यांना तुमच्यासारखाच त्रास होतो, फक्त जानेवारीत, घरातल्या हीटिंगमुळे.

पैशांचं सांगायचं तर १,५०० रुपयांत काय काय येतं ते फोनवरच विचारून घ्या. नेक, नटच्या खाचा, सॅडल, इंटोनेशन आणि तारा बदलण्याची मजुरी एवढं धरून हा दर वावगा नाही. हाडाचा सॅडल आणि तारांचा संच बहुधा वेगळे लागतात, आणि ते रास्त आहे. फ्रेट लेव्हलिंग, म्हणजे सगळे फ्रेट एका पातळीत घासणं, यात येत नाही. कोणी त्यासाठी आग्रह धरला तर कुठला फ्रेट उंच आहे ते दाखवायला सांगा. नटच्या कानशींचा संच आहे का, हा एकच प्रश्न विचारून तुम्हाला कारागीर कळेल. अठरा हजारांच्या गिटारला हा खर्च नक्की करावा. आठ हजारांच्या प्लायच्या गिटारलाही मी नट आणि सॅडल करून घ्या म्हणतो, कारण शिकणारे बरेच जण गिटार सोडतात ते बोटं दुखतात म्हणून.

गिटार परत घेताना घाई करू नका. तिथेच ट्यून करा, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा, तुम्ही घरी वाजवता तेवढ्याच जोराने. खूप जोरात मारलं की थोडी झणझण कुठल्याही गिटारवर येते. ती एकट्या तारेवर ऐकू येते, कॉर्डमध्ये नाही, असं असेल तर सोडून द्या. झालेली मापं कागदावर लिहून घ्या: नेकची फट, बाराव्या फ्रेटवर जाड आणि बारीक ई. पुढच्या वर्षी काही बिघडलं तर हा कागद कुठल्याही कारागिराचं अर्धं काम वाचवतो.

वेळ बघा. आत्ता दोन आठवडे ओल द्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, गिटार कारागिराकडे पोचवा. एसटीच्या डिकीत टाकू नका, जवळ ठेवा. पाऊस सुरू झाल्यावर टॉप हळूहळू वर येईल. जुलैच्या मध्याला बाराव्या फ्रेटवर पुन्हा मोजा. जाड ई २.७ च्या पुढे गेली असेल तर ‘पा’ सॅडल घाला आणि नंतरची दोन्ही मापं मला कळवा.